दिसणारी खोली तीन फूट

सन २०१८. मला सदुसष्ट सरून अडुसष्टावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून डॉक्टरनं आत नवं भिंग बसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लांजेवार मास्तरांची गोष्ट त्या भिंगाला सोडून सांगता येत नाही.

मास्तर त्याच्या दोन वर्षं आधी आमच्याकडे राहायला आले होते. आमचं गाव आसगावच्या पुढे, तळ्याच्या पाळीला लागून. गावच्या हायस्कुलात ते नववी-दहावीला विज्ञान शिकवत. मूळचे मोहाडीकडचे. वय चाळिशीच्या आत, अंगानं काडी, चष्मा जाड, सदरा कायम पांढरा. लग्न केलं नव्हतं. घरी म्हातारी आई होती. शनिवारी दुपारच्या एसटीनं तिच्याकडे जायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. मी त्यांना सपरीला, म्हणजे पुढच्या ओसरीला, लागून असलेला कमरा दिला. मी स्वतः चवथीतून उठलो आणि नांगराला लागलो, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण मास्तर माणूस दारात असला की घराला वजन येते, असं वाटून मी त्यांना ठेवलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना बाजेवर बसा म्हटलं. त्यांनी आधी हातानं बाज दाबून पाहिली, मग बसले. मला राग आला. माझ्या घरची बाज काय मोडकी आहे?

"काहून जी मास्तर, डोळ्यानं दिसत नाही काय?"

"दिसते जी काकाजी. पण डोळा म्हणजे साक्षीदार. तो सांगते, आपण ऐकून घ्यायचं. निकाल हातानं द्यायचा."

हा त्यांचा स्वभावच होता. पायरी उतरताना शेवटच्या पायरीवर आधी पाय चाचपायचे, मग टेकवायचे. अनोळखी विहिरीत आधी दोर सोडायचे. खिशात एका बाजूला मोजायची फीत, दुसऱ्या बाजूला दोऱ्यात बांधलेलं भिंग. बायका हसायच्या. माझी बायको तर म्हणायची, "मास्तर भाकरपण मोजून खाते गा." ते रागवत नसत. तळ्याच्या पाळीवरून जाताना मात्र ते हसत नसत. पाण्याच्या बाजूनं चालायचे नाहीत, शेताच्या बाजूनं चालायचे.

"पोहता येत नाही काय?" मी एकदा डिवचलं.

"नाही येत जी. पोहता येते तो मोजत नाही. मले येत नाही, म्हणून मी मोजतो."

दिवाळीला मी सपरीची भिंत चुन्यानं पोतली होती. आठ दिवसांत पाहतो तर त्या भिंतीवर निळ्या खडूनं एक आडवी रेघ, मधे वालाच्या दाण्यासारखं भिंग, आणि डाव्या हाताला एक उभा बाण. खाली दहावीची सात-आठ पोरं-पोरी मांडी घालून बसलेली.

मी ओरडलो, "मास्तर, तुमाले राहाले जागा दिली. भिंत नाही दिली!"

मास्तर उठून उभे राहिले, हात जोडले. "पुसून टाकतो जी. फक्त उत्तर येऊ द्या. अर्धं गणित पुसलं तर ते रात्रभर डोक्यात चालत राह्यते."

उत्तर आलं. भिंत पुसली नाही, मीही पुन्हा बोललो नाही. पुढे ती भिंत त्यांचीच झाली. आधी चित्र काढायचं, मग बोलायचं, हा त्यांचा नियम. चित्र काढल्याशिवाय पोरानं आकडा बोलला की ते कानावर हात ठेवायचे. बाण भिंगाच्या डावीकडे, म्हणून त्याचं अंतर उणे. हे उणे पोरं दर वेळी विसरायची. मास्तर म्हणायचे, "उणे विसरला तर बैल एका अंगाले राहीन आणि तू दुसऱ्या अंगाले चारा घेऊन उभा राहशीन." पोरं हसायची आणि उणे लिहायची.

आणखी एक नियम होता, तो इथं सांगितला पाहिजे. उत्तर बरोबर आहे असं मास्तर कधी म्हणत नसत. पाटीवर, वहीवर, भिंतीवर ते बरोबरची खूण करत नसत. भिंगापासून पडदा वीस बोटांवर येईल असं गणित म्हणते ना, मग जा, भिंग धर, कागद धर, मोज. मोजून जो येईल त्यानंच स्वतःच्या हातानं खूण करायची. एका पोरीनं न मोजता खूण केली, तर त्यांनी ती ओल्या बोटानं पुसली आणि तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

पहिल्या वर्षीच त्यांनी माझ्या अभिमानाला हात घातला. सपरीत पितळेचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला, तळाला रुपया, वरून पाणी. माझ्या हातात छत्रीची सरळ काडी दिली.

"काकाजी, तुमचा नेम गावात पहिला, असं ऐकलो. इथंच बसून, एका दमात, काडी रुपयावर मारा."

मी पंचवीस हातांवरून आंबा पाडणारा माणूस. मारली. काडी रुपयाच्या पलीकडे जाऊन तळाला लागली. दुसऱ्यांदा मारली, पलीकडे. तिसऱ्यांदाही पलीकडेच. पोरं तोंड दाबून बसली. गोमा ढिवर, तळ्यातले मासे मारणारा, दारात उभा होता, तो मात्र मोठ्यानं हसला.

"असा भाला मारशील तर उपाशी मरशील, पाटील! मासोळी दिसते तिथं नसते. दिसते त्याच्या अलीकडं, खाली मारा लागते."

"गोमाकाका न शिकता पास आहेत," मास्तर म्हणाले. "रुपयावरून निघालेला उजेड पाण्यातून वर येताना वाकते. डोळ्याले वाकणं समजत नाही. त्याले वाटते उजेड सरळच आला, म्हणून तो रुपयाले वर उचलून दाखवते. दिसते त्याच्या खाली पाहा, काकाजी."

मी काडी अंगणात फेकली आणि उठलो. तीन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. लहानपणापासून ज्यांनी पाहत आलो ते डोळे खोटे, हे मला कोणी माझ्याच सपरीत सांगावं?

मग २०१८ चा उन्हाळा आला. तळं आटलं, आणि गाळ काढायला मोठी मशीन आली. नेमका त्याच महिन्यात माझा डोळा कापला होता. धूळ चालणार नाही म्हणून डॉक्टरनं मला घरात बसवलं. मशीन दोन दिवस बैलघाटाच्या, बैल धुवायच्या घाटाच्या, तोंडाशी होती, तिथला मुरूम चांगला म्हणून रस्त्याला नेला, असं लोक सांगत. किती खोदलं, ते कोणी फीत लावून पाहिलं नाही. मी तर काहीच पाहिलं नाही.

आता आमच्या गावची रीत सांगतो. तळं खोदलं की त्या वर्षीच्या बैलघाटाच्या पाण्याला आम्ही नवं पाणी म्हणतो. ते पोळ्याच्या सकाळी मानाच्या जोडीच्या खुरानं फुटलं पाहिजे. त्याआधी त्या घाटावर माणूस उतरत नाही, भांडं बुडत नाही, काठीसुद्धा पडत नाही. बाकीच्या घाटांवर धुणं चालते, पाणी भरते. बैलघाट तेवढा राखतात. आणि मानाची जोडी आमची. माझ्या आज्यापासून. गावात आता ट्रॅक्टर सात आणि बैलजोड्या चारच, तरी मान तो मान. माझ्या बापानं एकदा, मी दोनदा नवं पाणी फोडलं होतं. तेव्हा तळं माणसांनी फावड्यानं खोदलं होतं.

पाऊस चांगला झाला, तळं भरलं. पोळ्याआधी पंधरा दिवस उघाड पडली. पूर्वी आमचं पाणी चहासारखं असायचं, हात बुडवला तर बोटं दिसायची नाहीत. या वेळी गाळच नव्हता, खाली नुसता लाल मुरूम. पाणी असं निवळलं की पाळीवरून तळाचा खडा न् खडा दिसे. गाव पाहायला लोटलं. मी माझ्या नव्या भिंगाच्या डोळ्यानं पाहिलं आणि छाती भरून आली. तरुणपणीसुद्धा मला असं स्वच्छ दिसलं नव्हतं.

"पाहा मास्तर! कमरेइतकं पाणी. बैल धुवाले एकदम बेस."

मास्तर पाळीवर शेताच्या बाजूला उभे होते. ते दोन पावलं पुढे आले, वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"गढूळ होतं तेच बरं होतं जी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गढूळ पाणी काहीच दाखवत नाही, म्हणून माणूस पायानं चाचपते. हे पाणी दाखवते. आता कोणी चाचपणार नाही."

शेजारी गोमा जाळं खांद्यावर टाकून उभा होता. तो थुंकला आणि निघून गेला.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत मास्तर माझ्यापुढे येऊन बसले. बाज न दाबता बसले, हे माझ्या ध्यानात आलं.

"काकाजी, मले बैलघाटावर एक बांबू टाकून पाहू द्या."

"नाही."

"मंग दोराले दगड बांधून?"

"नाही."

"कोणी पाहणार नाही अशा वेळी?"

"मी नाही म्हटलं ना? माझ्या जोडीच्या खुराआधी त्या पाण्यात काडी पडणार नाही. माझ्या सपरीत राहता, मले शब्द द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बायको आतून म्हणाली, "अवो, पाहू द्या ना जी एक खेप. काय बिघडते?" मी तिला गप केलं. मास्तरांनी शब्द दिला.

नंतर तिनं त्यांना हळूच विचारलं होतं, चोरून काहून मोजत नाही म्हणून. मास्तर तिला म्हणाले, "चोरून मोजलेलं माप चोराजवळच राह्यते, काकू. ते तुमच्या मालकानं मानलं पाहिजे." हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "पाण्याले हात नाही लावत. उजेडानं मोजतो. त्याले तर मनाई नाही ना?"

उजेडाला कोण मनाई करणार? मी म्हटलं, मोजा.

त्यांनी मला पाळीवर नेहमीच्या जागी उभं केलं. माझ्या डोळ्यापासून पाण्यापर्यंतची उंची मोजली. मी पाण्यात जिथं पाहत होतो, ती जागा किती लांब ते पाळीवरच्या पाळीवर मोजलं. लाकडी कोनमापकाला दोरा आणि खिळा बांधून माझी नजर किती तिरपी जाते ते पाहिलं. मग विचारलं, "काकाजी, तुमाले पाणी किती दिसून राहिलं? मनापासून सांगा. गणित तुमच्या बोलण्यावर उभं राहीन."

"तीन फूट," मी म्हटलं. "बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही."

भिंतीवर त्यांनी पाळ काढली, पाळीवर माणूस, पाण्याची रेघ, खाली तळ. वर लिहिलं: दिलेलं. दिसणारी खोली तीन फूट, काकाजींच्या डोळ्यानं. आणि पोरांना म्हणाले, सोडवा.

पोरांनी पटकन सोडवलं. पाण्याचा उजेड वाकवायचा आकडा चार भागिले तीन. तीन गुणिले चार भागिले तीन. उत्तर चार फूट. मी बाजेवरून ऐकत होतो. चार फूट म्हणजे छातीपर्यंत. मी मोठ्यानं हसलो.

"घ्या! छातीइतकं पाणी. एवढ्यासाठी दोन दिवस भ्या दाखवून राहिले होते?"

मास्तर हसले नाहीत. "हे पुस्तकातलं उत्तर आहे जी. पुस्तकातला माणूस डोंग्यात बसून सरळ खाली पाह्यते. तुम्ही पाळीवर उभे राहून तिरपे पाहता. जितकं तिरपं पाहाल तितका तळ जास्त वर उचलून दिसते."

त्यांनी पुन्हा गंज मागवला, रुपया टाकला, पाणी भरलं. मला वरून बघायला सांगितलं; रुपया थोडा वर होता. मग मागे सरकत जा म्हणाले. मी सरकलो तसा रुपया वर येत गेला. जवळजवळ पाण्याच्या तोंडाशी आल्यासारखा दिसला, आणि मग गंजाच्या काठाआड गेला. मला ते आवडलं नाही. पितळेच्या गंजात मेलेली वस्तू वर यावी तसं ते वाटलं. पण मी म्हटलं, "गंज वेगळा, तळं वेगळं."

त्यांनी पोरांच्या उत्तरावर काट मारली आणि खाली नव्यानं मांडलं. या वेळी वेळ लागला. कोन लिहिला, वाकलेला कोन लिहिला, बाजूला तक्त्यातले आकडे. शेवटी खडू भिंतीवर दाबून त्यांनी उत्तर लिहिलं: सहा फूट. त्याखाली रेघ मारली आणि रेघेखालची जागा रिकामी ठेवली.

"तुमची उंची किती जी?"

"साडेपाच."

त्यांनी भिंतीवरच्या सहावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "मास्तर, मी पन्नास वर्षं त्या घाटावर बैल धुतले."

"घाट तोच आहे, काकाजी. तळ तो नाही."

"उत्तर बरोबर आहे असं तुम्ही सोताच कधी म्हणत नाही. मग मी काहून मानू?"

हे मात्र त्यांना लागलं. रिकाम्या जागेकडे पाहत ते म्हणाले, "खरं आहे जी. मोजल्याशिवाय खूण नाही."

पोळा चार दिवसांवर होता. त्यात एक दिवस मास्तर पोरांना भिंगानं चित्र पाडून दाखवत होते. कमऱ्यात अंधार करून दार थोडं उघडं ठेवलं, भिंग धरलं आणि मागे पांढरा कागद. अंगणात माझी जोडी बांधलेली होती, चांद्या आणि बांड्या. कागदावर ती जोडी उतरली. रंगासकट, शेपटी हलताना. पण उलटी. पाय आभाळात, पाठ खाली, शिंगं मातीकडे. बायको चहा घेऊन आली होती, तिनं ते पाहिलं आणि कप खाली ठेवून बाहेर निघून गेली. पोळ्याच्या तोंडावर बैल पाय वर करून दिसावे, याला आमच्याकडे काय म्हणतात ते तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

"बंद करा हे," मी म्हटलं.

मास्तरांनी लगेच भिंग खाली घेतलं. "भिंगाचं भेव नका धरू जी. भिंग उलटं दाखवते, पण आपण उलटं दाखवून राहिलो हे ते लपवत नाही. शेंबडं पोरगंसुद्धा ओळखते. पाणी सुलटं दाखवते, म्हणून त्याचं खोटं समजत नाही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मास्तर मोहाडीला गेले नाहीत. आईला फोन करून सांगितलं, "उद्या इथंच आहे, बाई. काम आहे." ते आईला बाई म्हणत.

पोळ्याच्या दिवशी मी उजाडताच जोडी सोडली. आदल्या दिवशी खांदे शेकले होते, हळद-लोणी लावलं होतं. बाकीच्या तीन जोड्या पाळीच्या पलीकडे मारुतीजवळ थांबल्या. मानाच्या जोडीनं पाणी फोडल्याची हाळी आल्यावरच त्या येतात. मी एकटा बैल घेऊन घाटावर आलो तर मास्तर आधीच तिथं उभे. पांढरा सदरा, हातात हिरवा लांब बांबू. पहिल्यांदाच ते पाण्याच्या बाजूला उभे होते.

"शब्द दिला होता, मास्तर!"

"पाण्यात नाही टाकला जी. पाहून घ्या, कोरडा आहे. हातात धराले तर मनाई नाही ना?"

मी दोन्ही कासरे मनगटाला गुंडाळले.

"कासरा गुंडाळू नका, काकाजी. हातात धरा फक्त."

"बैल मी धरतो काय तुम्ही?"

"मंग माझ्यासाठी एक करा. पाय टाकाच्या आधी चाचपा. एक डाव."

ऊन नुकतं पाण्यावर पडलं होतं. लाल तळ इतका जवळ दिसत होता की हात घालून खडा उचलावा. बैलांचे पुढचे खूर पाण्यात पडले, तसा मी मास्तरांकडे पाहत, त्यांना दिसावं म्हणून, न चाचपता पाय टाकला.

जुन्या घाटाचे तीन दगड पायाला लागले. चौथा नव्हता. मी सरळ खाली गेलो. डोक्यावरून पाणी गेलं तेव्हाही माझे पाय तळाला टेकले नव्हते. बैल पोहायला लागले. बैलाला पाण्याचं भेव नसते, पण पोहताना त्याला माणूस दिसत नाही. कासऱ्यानं मला त्यांच्या पोटाखाली ओढलं. खूर खांद्यावर बसला. मनगट सुटेना. मग माझ्या छातीला काहीतरी टणक लागलं आणि मी दुसऱ्या हातानं ते धरलं. मास्तरांचा बांबू होता. त्यांनी तो पाण्यात घातला होता.

"सोडू नका! सोडू नका जी!" मला तेवढंच ऐकू आलं.

चांद्यानं झटका दिला, कासरा मनगटाची कातडी घेऊन सुटला. मास्तर ओढत होते. काडीसारखा माणूस, पण ओढत होते. माझा गुडघा तिसऱ्या दगडावर आला. मी हवा घेतली, वर पाहिलं. मास्तर काठावर वाकलेले, चष्मा नाकावर खाली आलेला. त्यांच्या पायाखालचा मुरूम मशीननं आतून पोखरलेला होता. तो काठ माझ्या डोळ्यांसमोर भाकरीच्या तुकड्यासारखा तुटला. बांबू माझ्या हातात राहिला आणि मास्तर माझ्या शेजारून त्या खड्ड्यात गेले.

मी दगडावर उभा राहिलो आणि पाहिलं. मुरमाचा राडा एका बाजूला गेला होता, इकडे पाणी निवळ होतं. पांढरा सदरा खाली दिसत होता. इतका जवळ की बांबूची दोन पेरं पुढे केली तर त्यांच्या हातात जाईल. त्यांचा हात वर होता, बोटं उघडी होती. मी बांबू नेम धरून हातावर घातला. बांबू पलीकडे गेला. ओढून घेतला, पुन्हा घातला. पलीकडे. पाळीवरून गोमा पळत येत होता, ओरडत होता, "अलीकडं, पाटील! खाली! खाली घाल!" मला ऐकू येत होतं. तरी तिसऱ्यांदाही मी जिथं दिसत होते तिथंच घातला. ते तिथं नव्हते.

मी मास्तरांना शेवटचं पाहिलं ते असं. वर उचलून दाखवलेले.

गोमानं उडी मारली आणि त्यांना वर काढलं. उशीर झाला होता. सरकारी गाडी आली, मास्तरांना पवनीला नेलं. मोहाडीहून त्यांचा चुलतभाऊ आला, तो तिकडूनच परस्पर गेला. त्यांच्या आईला कोणी सांगितलं, काय सांगितलं, मला माहीत नाही. बैल दोन्ही पोहून पलीकडच्या काठाला लागले होते. ते कोणी आणून बांधले. त्या दिवशी तोरण लागलं नाही. दिवस मावळायच्या आधी बायको ओलं फडकं घेऊन भिंत पुसायला उठली. मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तान्हा पोळा होता, पण कोणाच्या घरून लाकडी बैल निघाला नाही. मी तोच बांबू घेऊन बैलघाटावर गेलो, तिसऱ्या दगडावर उभा राहिलो, पुढे हातभर अंतरावर बांबू सरळ सोडला. तळाला टेकला तिथं पाण्याच्या रेघेवर नखानं खूण केली आणि घरी आणून मास्तरांच्या फितीनं मोजला. सहा फूट आणि वर चार बोटं. खडू खिडकीत होता. मी तो घेतला आणि भिंतीवरच्या उत्तराखाली, मास्तरांनी रिकामी ठेवलेल्या जागेत, बरोबरची खूण केली.